सोबतीला फक्त एक जण

आपलं बाळ आपण पूर्ण शुद्धीवर राहून, स्वतःच्या दमाने आणि नवऱ्याचा हात धरून जन्माला घालायचं, असं मी ठरवलं. इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती हे बोलून दाखवण्यात. गरोदर बाईच्या पोटावरून हात फिरवायचा जसा सगळ्यांना हक्क असतो, तसाच तिच्या बेतात नाक खुपसायचाही असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी शाळेत खेळ शिकवते. धावण्याच्या शर्यतीत आपटलेल्या पोरांना "ऊठ, काही झालेलं नाही" हे मी रोज इतक्या वेळा सांगते की कळांसारख्या गोष्टीला आपण काय भिणार, असा माझा प्रामाणिक समज होता. डॉक्टरबाईंना मी तसं सांगूनही टाकलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. सगळं नीट असलं तर नैसर्गिकच करू. नसलं तर मी सांगेन तसं." मला त्यातला पहिला भाग तेवढा ऐकू आला.

आमच्या समोरच्या दारात विमा एजंट काकू राहतात. धंदाच विम्याचा, त्यामुळे कुठल्याही आनंदाच्या बातमीतलं संकट त्यांना आधी दिसतं. "नैसर्गिक?" त्या डोळे विस्फारून म्हणाल्या, "अगं, माझ्या नणंदेच्या सुनेनं हाच हट्ट धरला होता. इतकी ओरडली, इतकी ओरडली, की रस्त्यावरचा केळीवाला गाडी घेऊन पळाला." त्या सुनेचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "तिला काय होणार? ठणठणीत आहे. पण केळीवाला परत आला नाही." एवढं सांगून त्यांनी मला बाळाच्या शिक्षणाच्या योजनेचा कागद दिला.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं वेगळं. त्या आमच्याजवळच राहतात आणि त्यांच्या दृष्टीने बाळंतपण हा शिकायचा विषयच नव्हता. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. कळा आल्या, सोसल्या, मोकळे झालो." माझी पाठ दुखली, पाय सुजले, रात्री झोप लागली नाही, काहीही झालं तरी त्या एक सुस्कारा सोडून म्हणत, "मी काय सोसलंय ते माझं मला ठाऊक." यावर काय बोलणार? दुसऱ्याच्या सोसण्यापुढे आपलं सोसणं नेहमीच किरकोळ ठरतं. 

माझी सगळी भिस्त नवऱ्यावर होती. तो गाडी शिकवतो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्याच्याइतका शांत मास्तर दुसरा नाही. शिकाऊ माणसाने गाडी फूटपाथवर चढवली तरी तो "हरकत नाही, आता हळूच खाली घ्या" एवढंच म्हणतो. अशा माणसाने आपल्या उशाशी उभं राहून "हळू, घाई नाही, श्वास सोडा" म्हटलं तर पोर आपसूक बाहेर येईल, असा माझा हिशेब होता. त्याला खोड एकच. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक असतो, आणि वर्षानुवर्षं तो दाबून दाबून त्याचा उजवा पाय आता कुठेही ब्रेक दाबतो. जेवताना मी आमटी जरा वरून वाढली की टेबलाखाली पाय दाबला गेलाच म्हणून समजा.

इस्पितळाचा नियम असा होता की प्रसूतीच्या खोलीत सोबतीला फक्त एक जण आणि त्या एका जणाने इस्पितळातला तयारीचा वर्ग पूर्ण केलेला असला पाहिजे. वर्गाच्या पहिल्याच दिवशी नवऱ्याच्या शिकाऊंची लायसनची परीक्षा निघाली. "आज आईला घेऊन जा, खुर्ची रिकामी नको दिसायला. पुढच्या वेळेपासून मी येतो," असं तो म्हणाला. सासूबाई "मला काय करायचंय तिथे" म्हणत तयार झाल्या, त्याही माझ्या आधी.

तिथल्या शिकवणाऱ्या ताई फार गोड बोलायच्या. आम्हाला सतरंजीवर बसवून म्हणाल्या, "डोळे मिटा. फुलाचा वास घेतोय असा श्वास आत घ्या. मेणबत्ती विझवतोय असा बाहेर सोडा." मी आयुष्यभर मुलांना श्वास शिकवत आले. मी जोरात घेतला, जोरात सोडला. "तुम्ही मेणबत्ती विझवताय की वणवा?" ताईंनी मला विचारलं आणि मग त्या सासूबाईंपाशी थांबल्या. "वा! सगळ्यांनी इकडे बघा. आजींचा श्वास बघा. खांदे कसे सैल आहेत, पोट कसं हलतंय." गुडघे वाजत असताना सतरंजीवर बसलेली माझी सासू वर्गात पहिली आली होती. माझ्या खाली फक्त एक बाई होत्या आणि त्यांना उचकी लागली होती.

त्या दिवसापासून घरात माझी धडगत राहिली नाही. मी भांडी लावत असले तरी मागून आवाज यायचा, "खांदे खाली." जिना चढताना, "तोंडानं नाही, नाकानं." खेळाच्या बाईंना श्वास घ्यायला शिकवणारं माणूस मला घरातच भेटलं होतं आणि ते दिवसातून कितीही वेळा शिकवायला तयार होतं.

नवरा वर्गाला एकदाच आला; बाकीच्या वेळी सासूबाईच माझ्या आधी तयार असायच्या. दुर्दैवाने त्या दिवशी फिल्म होती. फिल्ममधल्या बाळाचं डोकं दिसू लागलं, तसा नवऱ्याने समोरच्या खुर्चीला पाय लावून असा काही ब्रेक दाबला, की त्या खुर्चीवरचे गृहस्थ खुर्चीसकट पडद्यापर्यंत गेले. दिवे लागले तेव्हा नवरा पांढराफटक पडला होता आणि "हरकत नाही, हरकत नाही" असं कुणाला तरी सांगत होता. त्याला मोकळ्या हवेत नेऊन बसवलं. ताई मला हळूच म्हणाल्या, "यांना प्रत्यक्ष वेळी बाहेरच बसवलेलं बरं."

पण मी हिंमत सोडली नाही. ताईंनी सांगितलं होतं की मोठ्या रबरी चेंडूवर बसून हलकेच डुलल्याने फार फायदा होतो. मी चेंडू आणला. नवऱ्याने तो कामाच्या ठिकाणी नेला आणि टायरमध्ये हवा भरायच्या यंत्रावर भरला. हवा किती भरायची, हे त्याने चेंडूच्या खोक्यावर बघितलं नाही, गाडीच्या हिशेबाने भरली. संध्याकाळी तो चेंडू गाडीच्या टपावर दोरीने बांधून आमच्या इमारतीत आला, लिफ्टच्या दारात अडकला, जिन्याने वर नेला आणि आमच्या मजल्यावर पोचल्यावर नवऱ्याने किल्ली काढण्यासाठी क्षणभर हात सोडला. खालून काकू एका गिऱ्हाइकाला घेऊन वर येत होत्या. चेंडू पायऱ्यांवरून उड्या मारत आला आणि त्या सद्गृहस्थांना घेऊन पुढच्या वळणापर्यंत गेला. त्यांना लागलं काही नाही, पण उठून चष्मा पुसेपर्यंत काकूंनी त्यांना त्याच पायरीवर अपघात विमा विकला होता. त्यानंतर बरेच दिवस काकू मला विचारायच्या, चेंडू पुन्हा कधी आणणार म्हणून.

वर्ग संपले आणि सोबतीचा पास हातात आला. त्यावर सासूबाईंचं नाव होतं. पहिल्या दिवशी शेजारी जो बसला तो सोबती, अशी तिथली रीत होती आणि ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती. मी तडक इस्पितळाच्या खिडकीशी गेले.

"सोबती बदलता येतो," खिडकीतले गृहस्थ म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "वर्ग घेणाऱ्या ताईंची सही आणा."

"त्या कुठे भेटतील?"

"रजेवर आहेत."

"कधी येतील?"

"सहा महिन्यांनी. बाळंतपणाची रजा आहे."

मी त्यांना माझं पोट दाखवलं आणि हे सहा महिने थांबणार नाही, असं सांगितलं. ते त्यांनाही पटलं. पण ताईंच्या जागी आलेल्या दुसऱ्या ताईंची सही चालत नव्हती, कारण त्यांनी आम्हाला शिकवलेलं नव्हतं. नवऱ्याने नव्याने वर्ग करायचा म्हटला तर पुढची तुकडी भरलेली होती. डॉक्टरबाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "नियम माझा नाही. आणि तुमच्या नवऱ्याचं फिल्मच्या दिवशीचं माझ्या कानावर आलंय." इस्पितळात बातमी अशी पसरते, मग सह्या का अडतात, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी खरंच रडले. हे सगळं मी ज्याचा हात धरून करायचं ठरवलं होतं, तो दाराबाहेर बसणार आणि आत "खांदे खाली" म्हणणारी सासू असणार. नवरा बिचारा म्हणाला, "मी दाराला अगदी चिकटून बसेन." सासूबाई दारात उभ्या होत्या. "मला काही हौस नाही यायची," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून फुलाचा वास घेतल्याचे आणि मेणबत्त्या विझवल्याचे आवाज येऊ लागले. बराच वेळ येत होते.

मी डोळे पुसले आणि ठरवलं. सोबतीला कुणीही असो, बाळ मला जन्माला घालायचं आहे. सासूला नाही, नवऱ्याला नाही आणि खिडकीतल्या गृहस्थांना तर मुळीच नाही.

कळा सुरू झाल्या त्या भरदुपारी, कपडे वाळत घालताना. नवरा शिकवणी अर्धी टाकून शिकवायचीच गाडी घेऊन आला. मी मागच्या सीटवर आडवी झाले, सासूबाई पुढे बसल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवलेला माणूस वेगाने जाणार कसा? प्रत्येक वळणावर त्याने दिवा दाखवला, प्रत्येक पादचाऱ्याला वाट दिली. एका कबुतरालाही दिली. ते सगळं मी दात आवळून सहन केलं. पण मोठ्या चौकात ऐन मधोमध गाडी गचकन थांबली. मागून भोंग्यांचा नुसता गोंधळ सुरू झाला. नवऱ्याने पुन्हा सुरू केली, ती हातभर पुढे गेली आणि पुन्हा थांबली.

"काय झालंय हिला? काल तर ठीक होती!" नवऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"अरे, आज गाडी फारच हिसके देतेय," सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, पाय रोवायला खाली हे दिलंय ते."

मी मागून डोकं वर काढून पाहिलं. सासूबाईंचे दोन्ही पाय मास्तरच्या ब्रेकवर होते. गाडी हलली की त्या घाबरून पाय रोवत होत्या आणि पाय रोवले की गाडी थांबत होती. त्या क्षणी मी काय ओरडले, ते मी इथे लिहीत नाही. शाळेतली मुलं वाचतात. सासूबाईंनी पाय उचलून सीटवर मांडी घातली आणि आम्ही पोचलो.

प्रसूतीच्या खोलीत पासवाल्या सासूबाई आत आल्या आणि दार लागलं. आता खरं सांगते. कळांबद्दल मी जे काही बोलले होते ते सगळं मी मागे घेते. आपटलेल्या पोरांना "काही झालेलं नाही" असं म्हणणंही मी सोडलंय. पहिल्या काही कळा मी श्वासावर काढल्या. पुढच्या काही सिस्टरच्या दंडावर काढल्या. दंड सोडवून घेत सिस्टर म्हणाल्या, "ओरडायचं असलं तर ओरडा हो, इथे बक्षीस नाही ठेवलेलं." मग मी मैदानावरच्या आवाजात ओरडले. बाहेर नवऱ्याच्या हातातला चहा सांडला म्हणे.

दुपार कलली. गर्भपिशवीचं तोंड उघडत आलं होतं आणि मध्येच सगळं अडून बसलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी आली. "पुढे सरकत नाहीये. थोडा वेळ बघू, नाहीतर मग ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

ऑपरेशनात कमीपणा काही नव्हता. पण मी इतक्या दूरवर आले होते, अंगात त्राण उरलं नव्हतं आणि आता सगळं हातातून निसटतंय असं वाटून माझे डोळे भरून आले. मी "करा" म्हणणार होते. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या.

"डॉक्टर, बाळाला काही त्रास आहे का?"

"नाही. ठोके उत्तम आहेत."

"हिला धोका?"

"तूर्त नाही."

"मग हिला थोडं चालू द्याल का? धोका वाटला तर तुम्ही म्हणाल ते. मध्ये मी एक शब्द बोलणार नाही."

डॉक्टरबाईंनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अर्धा तास," त्या म्हणाल्या. "सिस्टर बरोबर राहतील."

खोलीला लागून एक लांब बोळ होता. त्यात आम्ही येरझारा घालू लागलो. सासूबाईंनी एक हात माझ्या कमरेला दिला होता, मागे सिस्टर. कळ आली की मी भिंतीला टेकायचे आणि त्या माझी पाठ दाबायच्या. "खांदे खाली" एकदाही म्हणाल्या नाहीत. मलाच राहवलं नाही.

"आई, तुम्ही हे सगळं सोसलंत कसं?"

आम्ही बोळाच्या टोकाला जाऊन वळलो.

"मी नाही सोसलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"एकही कळ नाही. सकाळी तपासायला गेले, तर म्हणाले नाळ अडकलीय, लगेच काढायला हवं. नाकावर काहीतरी धरलं. जाग आली तेव्हा दिवे लागले होते. शेजारी दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. म्हणाले, हा तुमचा मुलगा. मी म्हटलं, असेल." त्या माझी पाठ चोळत राहिल्या. "मग बायका बसल्या की आपापल्या कळा सांगायच्या. माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. म्हणून मीही सांगायला लागले. सांगून सांगून खरंच वाटायला लागलं बघ."

मला पुढची कळ आली, ती आधीच्या सगळ्या कळांची आई होती. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि तशीच लटकून राहिले. म्हातारी हलली नाही. गुडघे वाजले, पण हलली नाही.

"मी बाळ जन्माला घालणार, आई," मी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हटलं. "आणि तुम्ही बघणार."

अर्धा तास संपायच्या आतच सिस्टरने मला आत पळवलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, त्यांची आठी गेली आणि मग एकदम घाई सुरू झाली. "आता लावा जोर!" मी जोर लावला. बाहेर दाराशी कुणीतरी धडकल्याचा आवाज आला. शब्द दिल्याप्रमाणे नवरा दाराला चिकटून बसला होता आणि मी जोर लावला की तिकडे तो ब्रेक दाबत होता.

"डोकं दिसतंय," सिस्टर म्हणाल्या.

सासूबाई माझ्या उशाशी होत्या. श्वास सांगायचं काम त्यांचं, त्यासाठीच तर तो पास होता. आणि नेमक्या त्या क्षणी माझा हात सोडून त्या पायाच्या बाजूला गेल्या.

"आई, श्वास!" मी ओरडले. "श्वास सांगा ना!"

"गप्प बस गं," त्या म्हणाल्या, "मला बघू दे."

मग मी माझा श्वास माझाच घेतला. फुलाचा नाही, मेणबत्तीचा नाही, जो मिळाला तो. काहीतरी फाटलं, काहीतरी सुटलं आणि एक ओलं, गरम, चिडलेलं ओझं माझ्या छातीवर येऊन पडलं. मुलगी. तिने डोळे किलकिले केले, माझ्याकडे पाहिलं आणि असा आवाज काढला की मला अभिमान वाटला. मी हसत होते आणि रडत होते आणि मला कुणाचीही पर्वा नव्हती.

सगळं आवरल्यावर दार उघडलं आणि नवऱ्याला आत घेतलं. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला, बोट पुढे केलं, पोरीने ते धरलं आणि तो तिथेच खाली स्टुलावर बसला. जरा वेळाने त्याने मान वर करून विचारलं, "आई, कसं झालं गं सगळं?"

सासूबाई काहीच सांगेनात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं. त्या पोरीकडे बघत होत्या, मग त्याच्याकडे बघू लागल्या. चांगला मिशीवाला, कानशिलावर पिकलेला, पोट सुटायला लागलेला माणूस.

"असा आला असशील होय रे तू," त्या म्हणाल्या.

आणि पदराचं टोक घेऊन त्यांनी त्याचं डोकं हळूहळू पुसलं, ते अजून ओलंच असल्यासारखं.